काटछाट नसलेला तास : सी-स्पॅन, ‘बुकनोट्स’ आणि ऐकण्याच्या मुलाखतीचा इतिहास

‘अर्पणपत्रिकेत ज्यांचे नाव आहे ते कोण?’, ‘मुखपृष्ठावरचे छायाचित्र कुठले?’, ‘लिहायला कुठे बसता?’, ‘हस्तलिखित सर्वांत आधी कुणी वाचले?’ एखाद्या नामवंत इतिहासकाराची मुलाखत अशा प्रश्नांनी सुरू झाली तर आपल्याकडचे श्रोते चुळबुळ करू लागतील. मुलाखतकार पुस्तक न वाचताच आला आहे, अशी कुजबुजही होईल. अमेरिकेत 2 एप्रिल 1989 पासून 5 डिसेंबर 2004 पर्यंत, रविवारी रात्री आठ वाजता, ब्रायन लॅम्ब नावाचे गृहस्थ नेमके असेच प्रश्न विचारत असत. आणि समोरचे पुस्तक त्यांनी स्वतः वाचलेले असे. ‘बुकनोट्स’ हे त्या कार्यक्रमाचे नाव. त्याचे 801 भाग झाले. एक लेखक, एक पुस्तक, एक तास. कथा-कादंबरीला प्रवेश नाही. एकदा येऊन गेलेल्या लेखकाला पुन्हा बोलावणे नाही. पाठीमागे काळा पडदा, मध्ये जाहिरात नाही, आणि मुद्रण झाल्यावर कात्री नाही.

हा कार्यक्रम मी पाहिला त्यापेक्षा ऐकला जास्त. पाहण्यासारखे त्यात फारसे काही नव्हतेच. दोन माणसे बसलेली, त्यांतला एक बोलतो आणि दुसरा ऐकतो. आज राजकारण, सरकार आणि कथेतर पुस्तके यांवर तासतासभर चालणाऱ्या मुलाखतींचे पॉडकास्ट जगभर आहेत, मराठीतही आता ते रुळले आहेत. ही आपल्या काळाची, मोबाइलची देणगी आहे असे अनेकांना वाटते. तिची वंशावळ शोधू लागलो तेव्हा मी एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचलो: केबल टीव्हीच्या धंद्यात, आणि तिथून व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या पेंटॅगॉनमध्ये.

लॅम्ब यांचा जन्म 1941चा, इंडियाना राज्यातल्या लाफायेट या गावचा. शिक्षण शेजारच्याच पर्ड्यू विद्यापीठात. नंतर नौदल, आणि नौदलातून पेंटॅगॉनच्या जनसंपर्क कार्यालयात नेमणूक. व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना वार्ताहरांच्या प्रश्नांना सरकारी उत्तर कसे तयार होते, हे त्यांनी आतून पाहिले. पुढे ते एका सिनेटरकडे कामाला होते, आणि निक्सन यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसच्या दूरसंचार धोरण कार्यालयात. त्या काळात अमेरिकेची संध्याकाळ तीन वाहिन्यांच्या हाती होती: एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. देशात दिवसभरात काय घडले हे या तिघींच्या अर्ध्या तासाच्या बातमीपत्रांतून ठरे. संसदेत चार तास झालेल्या चर्चेतले वीस सेकंदांचे एक वाक्य उचलले जाई आणि उरलेली चर्चा झालीच नाही असे होई. सरकार आपली बाजू घडवून देते, वाहिन्या त्यातला तुकडा कापून देतात, आणि नागरिकाच्या वाट्याला दोनदा तासलेले लाकूड येते, ही लॅम्ब यांची तक्रार होती. ती तक्रार अनेकांची होती. लॅम्ब यांना मात्र तिच्यावर उपाय करण्याची जागा सापडली. ‘केबलव्हिजन’ या व्यापारी नियतकालिकाचे ते वॉशिंग्टनमधले प्रमुख झाले, आणि केबलवाल्यांची नड त्यांना जवळून कळली.

ही नड समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. 1970च्या दशकात केबलचा धंदा वाढत होता, पण त्याला प्रतिष्ठा नव्हती. डोंगराआडच्या गावांना दुसऱ्यांचे कार्यक्रम पुरवणारे, किंवा पैसे घेऊन घरी सिनेमे दाखवणारे, एवढीच त्यांची ओळख. शहरात तारा टाकायच्या तर नगरपालिकेचा परवाना लागे, आणि कायदे वॉशिंग्टनमध्ये होत. लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांत भरेल असे काहीतरी सार्वजनिक हिताचे काम दाखवणे या धंद्याच्या सोयीचे होते. 1975 पासून उपग्रहामार्फत कार्यक्रम देशभर पाठवणे शक्य झाले होते. 1977मध्ये प्रतिनिधिगृहाने आपले कामकाज दूरचित्रवाणीवर आणायचे ठरवले, आणि लॅम्ब यांनी केबलच्या मालकांपुढे प्रस्ताव ठेवला: हे कामकाज आपण उचलू, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. बॉब रोझेनक्रान्स या केबल उद्योजकाने 25,000 डॉलरचा पहिला धनादेश दिला. इतर मागून आले. सरकारचा एक पैसा नाही, जाहिरात नाही. प्रत्येक केबल ग्राहकामागे महिन्याला काही सेंट कंपन्यांनी द्यायचे. लोकशाहीची एवढी मोठी सोय एका धंद्याच्या प्रतिमेच्या गरजेतून झाली, हे मला खटकत नाही. आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांच्या देणगीदारांच्या पाट्या अशाच हिशेबांतून लागल्या आहेत, आणि त्यांखाली बसून आपण वाचतोच.

19 मार्च 1979 रोजी प्रक्षेपण सुरू झाले. सुमारे 35 लाख घरांत ते पोहोचू शकत होते. कर्मचारी चार. उपग्रहावरची वाहिनी स्वतंत्र नव्हती. क्रीडा सामने दाखवणाऱ्या दुसऱ्या एका सेवेबरोबर ती वाटून घ्यावी लागे. त्या दिवशी सभागृहात पहिले भाषण केले ते टेनेसीचे तरुण प्रतिनिधी अल् गोर यांनी, जे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. सी-स्पॅन या संस्थेचा जन्म हा असा.

‘काहीही न कापता दाखवणे’ ही प्रतिज्ञा वाटते तेवढी सरळ नाही. सभागृहातले कॅमेरे सी-स्पॅनचे नव्हते आणि आजही नाहीत. ते सभागृहाच्या मालकीचे. कामकाज चालू असताना ते कुठे वळतील हे सभागृह ठरवते. 1979मध्ये सभापती टिप ओ’नील यांनी तशी अटच घातली होती. कॅमेरा बोलणाऱ्यावर राहील, आजूबाजूच्या बाकांवर फिरणार नाही. डुलकी घेणारे, वर्तमानपत्र चाळणारे, रिकाम्या खुर्च्या, यांपैकी काही दिसू नये म्हणून. म्हणजे शब्द सगळे, पण दृश्य निवडलेले.

ही अट ओ’नील यांच्यावरच कशी उलटली, हा अमेरिकी संसदेच्या इतिहासातला मला सर्वांत बोधक वाटणारा प्रसंग आहे. दिवसाचे कामकाज संपल्यावर सदस्यांना कोणत्याही विषयावर बोलण्याची मुभा असे. हा वेळ कुणी ऐकत नसे; मतदारसंघातल्या कुणाचे अभिनंदन, कुणाला श्रद्धांजली, असल्या गोष्टी तिथे उरकल्या जात. न्यूट गिंग्रिच, रॉबर्ट वॉकर आणि त्यांच्या रिपब्लिकन सोबत्यांच्या लक्षात आले की सभागृह रिकामे असले तरी कॅमेरा चालू असतो, आणि पाहणाऱ्याला सभागृह रिकामे आहे हे कळत नाही. मे 1984मध्ये गिंग्रिच यांनी डेमोक्रॅट सदस्यांच्या परराष्ट्र धोरणावर घणाघाती आरोप केले; उत्तर द्या म्हणत मध्येच ते थांबतही. उत्तर द्यायला कुणी नव्हतेच, पण घरी बसलेल्या माणसाला वाटे की विरोधकांची वाचा बसली आहे. संतापलेल्या ओ’नील यांनी 10 मे रोजी कॅमेरा फिरवण्याचा हुकूम दिला. तेव्हा वॉकर बोलत होते. रिकाम्या बाकांसमोर हातवारे करणारा माणूस देशाला दिसला. पाच दिवसांनी ओ’नील स्वतः सदस्य म्हणून बोलायला उभे राहिले आणि गिंग्रिच यांच्यावर इतके घसरले की सभापतींचेच शब्द नियमबाह्य ठरवले गेले. त्या संध्याकाळी गिंग्रिच हे नाव तीनही मोठ्या वाहिन्यांवर होते. 1995च्या जानेवारीत ते स्वतः सभापती झाले.

कॅमेरा फिरला ते योग्य की अयोग्य? माझे मत असे की दोन्ही बाजूंनी खरे तेच दाखवले आणि दोन्ही बाजूंनी दिशाभूल केली. न कापलेली नोंदसुद्धा कुणाच्या तरी हातातली असते. आपल्याकडे 2006मध्ये लोकसभेची स्वतःची वाहिनी सुरू झाली, नंतर राज्यसभेची आली, आणि 2021मध्ये दोन्ही मिळून ‘संसद टीव्ही’ झाली. तिथे तर वाहिनीही सभागृहांचीच. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा पीठासीन अधिकाऱ्यांवर का स्थिरावतो, असे विरोधी बाकांवरून विचारले जाते. प्रत्येक सरकारच्या काळात विचारले जाते, फक्त विचारणारे पक्ष बदलतात.

अमेरिकी सिनेटने बरीच वर्षे कॅमेऱ्याला दारात उभे केले नाही. शेवटी 2 जून 1986 रोजी तिथलेही प्रक्षेपण सुरू झाले, कारण प्रतिनिधिगृहापुढे आपण झाकोळले जात आहोत, ही भीती रॉबर्ट बर्ड यांच्यासारख्या ज्येष्ठांना वाटू लागली होती. त्यासाठी सी-स्पॅनची दुसरी वाहिनी निघाली. आता प्रश्न आला तो वेळेचा. संसदेला सुट्ट्या असतात, शनिवार-रविवार असतात. चोवीस तासांच्या दोन वाहिन्या भरायच्या कशाने? सभा, परिसंवाद, पत्रकार परिषदा, सामान्य प्रेक्षकांचे दूरध्वनी. आणि मग पुस्तके.

1988 साली नील शीहान यांचे ‘अ ब्राइट शायनिंग लाय’ हे पुस्तक आले. जॉन पॉल व्हॅन या अमेरिकी अधिकाऱ्याच्या आयुष्यातून त्यात व्हिएतनाम युद्धाचा इतिहास सांगितला आहे, आणि तो लिहायला शीहान यांना सोळा वर्षे लागली. हे तेच शीहान, ज्यांनी 1971मध्ये पेंटॅगॉनचे गुप्त दस्तऐवज ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी मिळवले होते. त्यांच्यासमोर बसले लॅम्ब, म्हणजे त्याच युद्धाच्या काळात पेंटॅगॉनच्या जनसंपर्क कार्यालयात बसलेला तरुण अधिकारी. एकाने सरकारी उत्तरे तयार होताना पाहिली होती, दुसऱ्याने त्या उत्तरांच्या मागचे कागद बाहेर आणले होते. दोघांचे बोलणे अडीच तास चालले. ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच भागांत दाखवले गेले. सोळा वर्षांच्या कामाला साडेतीन मिनिटे देणाऱ्या वाहिन्यांच्या देशात हा प्रकार नवा होता. प्रतिसाद असा आला की पुस्तकांसाठी कायमचा तास ठेवायचे ठरले. पहिल्या भागात आले झ्बिग्निएव्ह ब्रेझिन्स्की. त्यांचे पुस्तक साम्यवादाच्या अपयशाविषयी होते आणि महिना होता एप्रिल 1989. बर्लिनची भिंत अजून उभी होती.

लॅम्ब यांच्या प्रश्नांची मी बऱ्याच काळ गंमत करत आलो आहे. त्यांचे चाहतेही करतात. प्रश्न आखूड, स्वर सपाट. ‘ते कोण होते?’, ‘कुठल्या साली?’, ‘याचा अर्थ काय?’ पाहुण्याने एखादी जड संज्ञा सहज टाकली की हे थांबवून तिचा अर्थ विचारणार. स्वतःचे मत नाही, पाहुण्याच्या मताला मान डोलावणेही नाही. स्वतःचे नावसुद्धा ते प्रक्षेपणात घेत नसत, असा त्यांचा लौकिक आहे. मुलाखतकाराने पाहुण्याशी बरोबरीने भिडावे, त्याला कोपऱ्यात गाठावे, या अपेक्षेने ऐकणाऱ्याला हे पुळचट वाटते. पण पाच-दहा तास सलग ऐकले की निराळेच काही कानावर येऊ लागते. तयार उत्तरे घेऊन आलेला माणूस तयार प्रश्नांना पुरून उरतो. ‘तुमच्या पुस्तकाचा मुख्य सिद्धान्त काय?’ याचे उत्तर प्रकाशकाच्या प्रसिद्धिपत्रकात असते, लेखकाने ते डझनभर ठिकाणी म्हटलेले असते. ‘आभार मानलेल्यांत चौथे नाव आहे ते कुणाचे?’ याचे उत्तर मात्र त्याने कुठेही दिलेले नसते. तो थांबतो, आठवू लागतो, आणि मग एखादे अभिलेखागार, एखादी मुलाखत द्यायला तयार झालेली विधवा, अडगळीत सापडलेली पेटी, असे काहीतरी निघते. पुस्तक कसे घडले, पैसा कुठून आला, कोणती कागदपत्रे मिळाली आणि कोणती नाकारली गेली, हे सारे या बावळट वाटणाऱ्या प्रश्नांतून बाहेर येते. अमेरिकी यादवी युद्धाचा तीन खंडांचा इतिहास लिहिणारे शेल्बी फूट टाक दौतीत बुडवून लिहीत. त्या गद्याची चाल कुठून आली, याचा धागा एवढ्या एका तपशिलात सापडतो. टीकाकारांच्या परीक्षणांत तो शोधावा लागला असता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मी तर म्हणेन की ही साधन-चिकित्साच आहे, फक्त तिचे नाव कुणी उच्चारत नाही. हे सांगणाऱ्याला हे कसे कळले? आपल्या बखरींसमोर बसून राजवाड्यांच्या पिढीने हाच प्रश्न विचारला होता.

काटछाट नसण्याचे महत्त्व ‘बुकनोट्स’मधल्याच एका पुस्तकाने फार चांगले उघड केले. 1993मध्ये हॅरोल्ड होल्झर यांनी लिंकन-डग्लस वादसभांची नवी संहिता प्रसिद्ध केली. 1858च्या उन्हाळ्यात आणि शरदात इलिनॉय राज्यातल्या सात गावी अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस समोरासमोर उभे राहिले होते. प्रत्येक सभा तीन तासांची. पहिल्याने एक तास बोलायचे, दुसऱ्याने दीड तास, मग पुन्हा पहिल्याने अर्धा तास. विषय मुख्यतः गुलामगिरीचा. दोन्ही पक्षांच्या शिकागोतल्या वर्तमानपत्रांनी आपापले लघुलेखक बसवले होते. छापताना प्रत्येक पत्राने आपल्या माणसाची वाक्ये घासूनपुसून घेतली आणि विरोधकाची जशी कानावर पडली तशी, अडखळण्यांसह ठेवली. 1860मध्ये ही भाषणे पुस्तकरूपाने आली ती लिंकन यांनीच चिकटवलेल्या कात्रणांवरून. त्यात त्यांची भाषणे त्यांच्या बाजूच्या पत्रातली आणि डग्लस यांची डग्लस यांच्या बाजूच्या पत्रातली. म्हणजे दोन्ही चकचकीत. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे शाळा-कॉलेजांत वाचले गेले ते हे. होल्झर यांनी उलट केले: लिंकन यांचे भाषण विरोधी पत्रातून घेतले, डग्लस यांचेही विरोधी पत्रातून. शत्रूने सुधारणा केलेली नसते, एवढ्यासाठी.

होल्झर ‘बुकनोट्स’मध्ये आले, आणि त्या बोलण्यातून पुढच्या वर्षी, 1994मध्ये, सी-स्पॅनने त्या सातही गावी त्या सभा पुन्हा उभ्या केल्या. वेश केलेले नट, गावकऱ्यांची गर्दी, पूर्ण तीन तास. मला त्यात नाटकापेक्षा लांबीच अधिक शिकवून गेली. एकोणिसाव्या शतकातला शेतकरी उभ्याने तीन तास गुलामगिरीच्या घटनात्मक बाजूवर वाद ऐकत होता, मध्ये ओरडत होता, वक्त्याला टोकत होता. दूरचित्रवाणीने लोकांची एकाग्रता मारली असे आपण सर्रास म्हणतो. त्याच दूरचित्रवाणीच्या एका कोपऱ्याने ते तीन तास परत आणले.

पण ऐकण्याकडे यायला हवे. 1997मध्ये सी-स्पॅनने वॉशिंग्टनमध्ये रेडिओ केंद्र सुरू केले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची गुप्तपणे मुद्रित केलेली दूरध्वनी संभाषणे त्यावरून ऐकवली जाऊ लागली. व्हिएतनामविषयी खासगीत घाबरलेला आणि बाहेर ठाम बोलणारा जॉन्सन लोकांनी कानांनी ऐकला. ‘बुकनोट्स’ही रेडिओवर गेले आणि तिथे त्याचे काहीच बिघडले नाही, काळा पडदा ऐकू येत नाही.

पॉडकास्टचे तंत्र मात्र बॉस्टनजवळ घडले. संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप वाचकापर्यंत पोहोचवण्याची एक पद्धत होती, तिला आरएसएस म्हणतात. (मराठी वाचकाने दचकू नये; हे ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’चे लघुरूप आहे.) डेव्ह वायनर यांनी तिच्यात ध्वनिफिती जोडण्याची सोय केली होती, पण पाठवायचे काय हा प्रश्न होता. 2003च्या जुलैत क्रिस्टोफर लायडन यांनी हार्वर्डच्या बर्कमन केंद्रात मुलाखती मुद्रित करायला सुरुवात केली, आणि त्या या वाटेने बाहेर पडल्या. लायडन हे जुने राजकीय वार्ताहर. एकेकाळी बॉस्टनच्या महापौरपदाची निवडणूकही त्यांनी लढवली होती. सार्वजनिक रेडिओवरचा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम मालकी हक्काच्या वादात 2001मध्ये सुटला होता. म्हणजे ज्याला आज पॉडकास्ट म्हणतात त्याचे पहिले रूप गाण्याचे किंवा गप्पाष्टकाचे नव्हते. राजकारण आणि विचार यांवर बोलणाऱ्या, आपला स्टुडिओ गमावलेल्या एका मुलाखतकाराचे ते होते. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्दही त्यानंतरचा, 2004च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली यांनी वापरलेला. त्याच वर्षाच्या शेवटी ‘बुकनोट्स’ थांबले आणि लॅम्ब यांचा ‘क्यू अँड ए’ सुरू झाला. त्यात पाहुणा लेखकच असावा अशी अट नव्हती. पाठोपाठ 2005मध्ये ‘आफ्टर वर्ड्स’ आला, ज्यात लेखकाची मुलाखत त्या विषयातला दुसरा जाणकार घेतो. हे दोन्ही आज पॉडकास्ट म्हणून ऐकायला मिळतात.

चित्र नसल्याने काय बदलते, याचा एक नमुना 2020च्या मे महिन्यात मिळाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्याला आजवर आत येऊ दिलेले नाही. लॅम्ब यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. कोविडच्या साथीत न्यायालयाला दूरध्वनीवर सुनावणी घ्यावी लागली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज थेट बाहेर आला. सी-स्पॅनने तो प्रक्षेपित केला. पडद्यावर बोलणाऱ्या न्यायमूर्तींचे स्थिर छायाचित्र, बाकी फक्त आवाज. फोनवर सगळे एकदम बोलू लागले तर गोंधळ होईल म्हणून ज्येष्ठतेनुसार पाळी लावली गेली. आणि क्लॅरेन्स थॉमस, ज्यांनी 2006 ते 2016 अशी सलग दहा वर्षे सुनावणीत एकही प्रश्न विचारला नव्हता, ते पाळी आली की प्रश्न विचारू लागले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याबाबतीत अमेरिकेला मागे टाकले आहे. 27 सप्टेंबर 2022 रोजी घटनापीठांच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या, आणि पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या दिवशी दहाव्या परिशिष्टावरचा युक्तिवाद ऐकला गेला. बातम्यांत त्याच्या चिंधड्या होण्याआधी ऐकला गेला, हे महत्त्वाचे.

सी-स्पॅनविषयी भक्तिभावाने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला पूर्णपणे नाही. ‘बुकनोट्स’च्या पाहुण्यांत पुरुषांचा भरणा फार होता, आणि विषयांत राष्ट्राध्यक्ष व युद्धे यांचा. सकाळच्या ‘वॉशिंग्टन जर्नल’ या कार्यक्रमात डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष अशा वेगळ्या दूरध्वनी क्रमांकांवर कुणीही फोन करू शकतो. त्यावर वंशद्वेषी बडबड किंवा कटाच्या कहाण्या ऐकवणारेही येतात, आणि निवेदक शांतपणे पुढचा फोन घेतो. कुणाचीही बाजू न घेण्याचा नियम इथे खोट्याला खोटे न म्हणण्यापर्यंत जातो. पुस्तकाच्या मुलाखतीत तीच तटस्थता चालते, कारण तिथे मुलाखतकाराने समोरच्याची चारशे-पाचशे पाने आधी वाचलेली असतात. पुढच्या प्रश्नाला त्या पानांचा आधार असतो. वाचनाशिवायची तटस्थता म्हणजे नुसती टपाल पेटी.

आजच्या लांब पॉडकास्टकडे पाहताना माझी तक्रार तीच आहे. लांबी त्यांनी घेतली. तीन तास बोलणारे पाहुणे आहेत, ऐकणारे लाखो आहेत, आणि निवडणुकीच्या काळात नेत्यांना वार्ताहर परिषदेपेक्षा हे तीन तास सोयीचे वाटू लागले आहेत. 1984च्या रिकाम्या सभागृहात गिंग्रिच थांबत, तसाच हा प्रकार वाटतो: उत्तर देणारे कुणी समोर नसते, आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. समोर बसलेल्या यजमानाने पुस्तक वाचलेले नसते, जुनी भाषणे काढलेली नसतात, साल माहीत नसते. ‘कुठल्या साली?’ हा लॅम्ब यांचा प्रश्न त्याला सुचतच नाही, कारण चुकीचे साल कानाला टोचायला बरोबर साल ठाऊक असावे लागते.

आणि ज्यांनी वाचनाला पैसा पुरवला तो ओघ आटतो आहे. केबल ग्राहकामागे काही सेंट ही व्यवस्था केबलची घरे वाढत होती तोवर उत्तम चालली; एकेकाळी सी-स्पॅन सुमारे दहा कोटी घरांत पोहोचत होते. लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली तसे उत्पन्न घसरले. इंटरनेटवरून वाहिन्या पुरवणाऱ्या नव्या कंपन्यांनी ते काही सेंट द्यायला बराच काळ टाळाटाळ केली. त्यांना कुठल्या नगरपालिकेचा परवाना नको होता, त्यामुळे प्रतिष्ठेची नडही नव्हती.

जे झाले ते मात्र जपलेले आहे. पर्ड्यू विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ब्राउनिंग यांनी 1987पासून सी-स्पॅनचे प्रत्येक प्रक्षेपण मुद्रित करून, सूची लावून ठेवायला सुरुवात केली. 2010मध्ये तो संग्रह सर्वांना विनामूल्य खुला झाला. ‘बुकनोट्स’च्या सगळ्या मुलाखती तिथे मिळतात. लॅम्ब यांनी 2012मध्ये संस्थेचे प्रमुखपद सोडले, 2019मध्ये ‘क्यू अँड ए’ सोडले, आणि 2021मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, ‘बुकनोट्स प्लस’ नावाने पुन्हा लेखकांशी बोलू लागले. या वेळी फक्त पॉडकास्ट, चित्र नाहीच.

या मुलाखतींचे निवडक संग्रह पुस्तकरूपानेही निघाले आहेत. ते मी आधी चाळले तेव्हा थोडा चक्रावलो. लेखकांची उत्तरे जोडून त्यांचे सलग निबंध केले आहेत आणि लॅम्ब यांचे प्रश्न सगळे गाळले आहेत. त्या प्रश्नांचा माग घ्यायचा असेल तर व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे लागेल. कार्यक्रमासाठी वाचलेली सुमारे आठशे पुस्तके लॅम्ब यांनी तिथे दिली आहेत, त्यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदींसह.